यकृतातील खडे : शस्त्रक्रिया आणि वेळेचे मोल

(तालुका पातळीवरील आरोग्य प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. अशा शिबिरात पाणीपुरवठा, लसीकरण, बालसंगोपन असे विषय असावयाचे. तेथे यकृताच्या शस्त्रक्रियेचे काय प्रयोजन, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. शिवाय बोलणारा मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. तथापि तज्ज्ञांना जे ठाऊक आहे ते सामान्य माणसाच्या भाषेत त्याच्या दारापर्यंत नेणे, हेच माझ्या खात्याचे काम होय. आणि या विषयाचा निम्मा भाग शस्त्रक्रियागृहात घडत असला, तरी उरलेला निम्मा भाग आपल्या गावात घडतो. रोगी कोणत्या दिवशी घरातून निघाला, यावर शल्यचिकित्सकाचे पुष्कळसे यश अवलंबून असते. तो दिवस ठरविणारी माणसे म्हणजे रोग्याचे कुटुंबीय आणि ज्यांचा शब्द गावात मानला जातो असे आपण सर्व. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

पित्ताचा मार्ग

प्रथम यकृताची थोडी ओळख करून घेऊ. उजव्या बरगड्यांच्या आड असलेले सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय शरीरातील अनेक कामे करते. त्यांपैकी एक म्हणजे पित्त तयार करणे. दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त यकृतात तयार होते. अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविण्यास ते साहाय्य करते आणि रक्तातील जुन्या तांबड्या पेशींच्या विघटनातून निर्माण झालेले पिवळे द्रव्य शरीराबाहेर टाकण्याचा मार्गही तेच होय.

हे पित्त वाहून नेणारी व्यवस्था आपल्याकडील नदीच्या पाणलोटासारखी आहे. डोंगरातले ओहोळ ओढ्याला मिळतात आणि ओढे नदीला मिळतात. त्याचप्रमाणे यकृताच्या अंतर्भागातील केसासारख्या बारीक नलिका मोठ्या नलिकांना मिळतात. त्यांपासून उजवी आणि डावी अशा दोन मुख्य शाखा होतात, त्या यकृताच्या मुखाशी एकत्र येतात आणि पुढे एकच सामान्य पित्तनलिका लहान आतड्याकडे जाते. वाटेत पित्ताशयाची पिशवी एका आडनळीने तिला जोडलेली असते. तो जणू साठवण तलाव. आतड्याच्या तोंडाशी एक स्नायूंचे वळे असते. ते बंधाऱ्याच्या दारासारखे उघडते व मिटते.

या मार्गात कोठेही खडा अडकला, की वरचे पित्त तुंबते. तुंबलेले पित्त रक्तात उतरते, डोळे व त्वचा पिवळी पडतात, लघवी गडद होते. आतड्यात पित्त न पोहोचल्यामुळे शौच पांढुरके, मातकट रंगाचे होते. अंगाला खाज सुटते. यालाच अवरोधजन्य कावीळ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘खडा’ म्हटले, की आपल्याकडे मुतखडा डोळ्यांपुढे येतो. मुतखड्यासाठी हुलग्यांचे कढण, पानफुटीचा रस असे उपाय घरोघरी सांगितले जातात आणि लहान मुतखडा लघवीवाटे निघूनही जातो. पित्ताच्या खड्याचा मूत्रमार्गाशी काहीही संबंध नाही. मुतखड्याचे उपाय त्याला लागू पडत नाहीत आणि ते करण्यात गेलेले दिवस वाया जातात.

खडे कोठे व कसे होतात

पित्ताचे खडे बहुतांशी पित्ताशयात तयार होतात. आपल्या राज्यात आढळणारे बहुसंख्य रोगी याच प्रकारचे. पित्ताशयातला खडा घसरून सामान्य पित्तनलिकेत अडकला, तर तो तेथून काढण्याचे मार्ग आज बरेच सुलभ झाले आहेत. परंतु खड्यांचा आणखी एक प्रकार आहे, जो यकृताच्या आतल्या शाखांमध्येच जन्म घेतो. तो आपल्याकडे कमी प्रमाणात आढळत असला, तरी अधिक चिवट आणि अधिक घातक आहे.

यकृतातील खड्यांचे माहेरघर म्हणजे पूर्व आशिया : चीन, तैवान, कोरिया, जपान, व्हिएतनाम. हाँगकाँगमधील शल्यचिकित्सकांनी १९३० च्या सुमारास या रोगाचे वर्णन केले आणि १९५४ साली तेथील चिकित्सकांनी त्यास ‘वारंवार होणारा पित्तनलिकांचा पूयुक्त दाह’ अशा अर्थाचे नाव दिले. नावातच रोगाचे स्वरूप आहे. तो एकदा येऊन जात नाही. तो पुनःपुन्हा येतो आणि प्रत्येक खेपेस यकृताचा थोडा भाग निकामी करून जातो.

हे खडे का होतात, याचा एक महत्त्वाचा उलगडा जपानमधील सेंदाई येथील माकी यांनी १९६६ साली केला. आतड्यातील जंतू पित्तनलिकेत शिरले, की त्यांच्यातील एक विकर पित्तातील विरघळलेल्या पिवळ्या द्रव्याचे विघटन करते. मोकळे झालेले द्रव्य कॅल्शियमशी संयोग पावते आणि मऊ, तपकिरी, चिखलासारखा गाळ तळाशी बसतो. गाळाचे खडे होतात, खड्यांमुळे पित्त तुंबते, तुंबलेल्या पित्तात जंतू आणखी वाढतात, दाहामुळे नलिका आकसतात आणि आकसलेल्या नलिकेमागे पुन्हा खडे होतात. कारणाचे कार्य आणि कार्याचे पुन्हा कारण, असे हे चक्र आहे. प्रथिनांची कमतरता असलेल्या निकृष्ट आहाराचाही त्यास हातभार लागतो, असे मत मांडले गेले आहे.

मग जंतू तेथे शिरतात कसे? पूर्व आशियात कच्चे गोड्या पाण्यातील मासे खाल्ल्याने यकृतात जाणारी एक चपटी कृमी याला साहाय्यभूत होते. आपल्याकडे मासे शिजवून खातात. त्यामुळे ही कृमी आपला प्रश्न नव्हे. परंतु दुसरा साथीदार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे पोटातला गोल जंत. पूर्ण वाढलेला हा जंत १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो आणि अरुंद छिद्रात शिरण्याची त्याला खोड असते. आतड्यातून तो कधी कधी पित्तनलिकेत चढतो. जाताना आतड्यातील जंतू बरोबर नेतो आणि तेथेच मेला, तर त्याच्या अवशेषांभोवती खड्याची पुटे चढतात. आपल्या देशात काश्मीर खोऱ्यात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. श्रीनगर येथील डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचा केलेला अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हनोईचा एक शल्यचिकित्सक

यकृताच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना एका नावाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते नाव म्हणजे व्हिएतनामचे डॉ. तोन थात तुंग. त्यांचा जन्म १९१२ सालचा. देश फ्रेंच सत्तेखाली असताना, हनोई येथे वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून काम करताना, १९३५ च्या सुमारास त्यांच्या हाती शवविच्छेदनातील एक यकृत आले. त्याच्या पित्तनलिका जंतांनी भरलेल्या होत्या. सामान्यतः यकृताच्या आतील नलिका डोळ्यांना नीट दिसत नाहीत. या जंतांनी मात्र त्या ठळक करून ठेवल्या होत्या. तुंग यांनी त्या नलिकांचा माग काढला आणि पुढील काही वर्षांत २०० हून अधिक यकृते अशीच उलगडून त्यांच्या आतील वाटांचा नकाशा सिद्ध केला.

या नकाशाचे महत्त्व काय? त्या काळी यकृतास हात लावणे म्हणजे रक्तस्रावास आमंत्रण समजले जाई. यकृताचा वेगवेगळा भाग वेगवेगळ्या रक्तवाहिनीवर व पित्तनलिकेवर पोसला जातो, हे एकदा निश्चित झाल्यावर एखादा रोगट भाग बाकीच्या भागास धक्का न लावता वेगळा काढता येतो. तुंग यांनी यकृताचा मांसल भाग बोटांच्या चिमटीत हळूहळू चुरडून, त्यात शिल्लक राहणाऱ्या चिवट वाहिन्या व नलिका एकेक करून बांधण्याची रीत बसविली. ही पद्धत १९६३ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आली. दरम्यान १९५७ साली फ्रान्समधील क्लोद क्विनो यांनी यकृताचे ८ खंड निश्चित केले. आज जगभरचे शल्यचिकित्सक त्याच खंडांच्या क्रमांकांनी बोलतात. दिएन बिएन फूच्या रणभूमीवर १९५४ साली जखमींवर उपचार करणाऱ्या तुंग यांना १९७७ साली फ्रान्सच्याच शल्यचिकित्सा अकादमीने लानलाँग पदक देऊन गौरविले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

साधने तुटपुंजी असली, तरी डोळे उघडे ठेवून केलेले काम किती मोठे ठरते, याचा हा दाखला आहे. आणि त्या कामाचा आरंभ खेड्यापाड्यांतील अस्वच्छतेतून आलेल्या जंतांपासून झाला, हेही आपण विसरता कामा नये.

संकटाची लक्षणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खडा अडकून पित्त तुंबले आणि त्यात पू झाला, की ते केवळ पोटदुखीचे प्रकरण राहत नाही. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ साली त्याची तीन लक्षणे सांगितली : थंडी वाजून येणारा ताप, कावीळ आणि पोटाच्या वरच्या उजव्या भागातील वेदना. अमेरिकेतील रेनॉल्ड्स व दार्गन यांनी १९५९ साली त्यांत आणखी दोन लक्षणांची भर घातली. रोग्याला भ्रम होणे आणि रक्तदाब घसरणे, ही ती दोन होत. ही दोन दिसू लागली, की जंतूंचे विष रक्तात पसरले असे समजावे. अशा वेळी तुंबलेल्या पित्ताला वाट करून देण्यास उशीर झाला, तर नुसत्या औषधांनी प्राण वाचण्याची शाश्वती राहत नाही.

येथेच आपल्या गावातील एका जुन्या रूढीचा प्रश्न येतो. कावीळ झाली, की ती ‘उतरविण्यासाठी’ रोग्याला नेण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी आहे. कोठे गळ्यात काड्यांची माळ घालतात. ती दिवसेंदिवस लांब होऊ लागली, की कावीळ उतरली असे मानतात. कोठे चुन्याच्या निवळीत हात धुतात आणि पाणी पिवळे झाले, की कावीळ निघाली असे दाखवितात. कोठे नाकात कडू फळाचा रस घालतात आणि नाकातून वाहणारे पिवळे पाणी हीच कावीळ असे सांगतात.

यांमागील कारणे साधी आहेत. ओल्या काड्या सुकून बारीक होतात व सैल गाठी सुटतात, म्हणून माळ लांब होते. हाताला आधी लावलेल्या सालीच्या रसाशी चुन्याचा संयोग होतो, म्हणून पाणी पिवळे होते. झोंबणाऱ्या रसाने नाकाचे आतील आवरण सुजते, म्हणून नाक वाहते. मग लोकांना गुण कसा येतो? त्याचेही उत्तर आहे. दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुसंख्य रोग्यांत विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. ती बरी होण्याच्या वेळी माळ गळ्यात असते, एवढेच. खड्याची कावीळ मात्र माळेने हटत नाही. कारण अडकलेला खडा तेथेच असतो. दोन्ही काविळींचा रंग एकच असल्यामुळे लोकांची फसगत होते.

कामानिमित्त फिरताना कळलेली एक हकिगत सांगतो. डोंगराळ भागातील शेतमजूर बाई, वय चाळिशीच्या आत. तिला दर काही महिन्यांनी थंडीताप येई, डोळे पिवळे होत, उजवीकडे कळ येई आणि आठ-दहा दिवसांत सारे ओसरे. दर खेपेस माळ घातली जाई आणि दर खेपेस माळेला यश मिळे. तिखट, तेल आणि पिवळी म्हणून हळदही वर्ज्य. उसाचा रस तेवढा चालू. अशी तीन वर्षे गेली. चौथ्या वर्षी ताप उतरेना आणि बाई असंबद्ध बोलू लागली. शाळेतील एका शिक्षकाने आग्रहाने तिला जीपमध्ये घालून तालुक्याला व तेथून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचविले. तपासणीत यकृताच्या डाव्या भागातील नलिका खड्यांनी भरलेल्या आढळल्या. तो भाग आकसून निकामी झाला होता. प्रथम बाहेरून नळी घालून पित्त व पू काढण्यात आला. काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया करून डावा भाग काढून टाकण्यात आला. ती बाई वाचली आणि पुन्हा कामाला जाऊ लागली. परंतु बैलजोडी विकली गेली आणि थोरल्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. पहिल्या वर्षी साधी सोनोग्राफी झाली असती, तर कदाचित एवढे मोल द्यावे लागले नसते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

आता प्रत्यक्ष उपचारांविषयी. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केली. सामान्य पित्तनलिका उघडून खडा काढण्याचे धाडस १८९० च्या सुमारास यशस्वी झाले. नलिका उघडल्यावर तीत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची रबरी नळी ठेवण्याची पद्धत जर्मनीतील हान्स केर यांनी रूढ केली. ती आजही वापरात आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत द्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची युक्ती अर्जेंटिनातील मिरित्सी यांनी १९३१ च्या सुमारास काढली. १९७४ साली जर्मनीतील एर्लांगेन आणि जपानमधील क्योटो येथे, तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेच्या मुखाचे वळे कापण्याची रीत स्वतंत्रपणे यशस्वी झाली. सामान्य पित्तनलिकेतील बहुतेक खडे आज याच मार्गाने, पोट न उघडता निघतात. आपल्या राज्याचाही या इतिहासात वाटा आहे. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली.

यकृताच्या आतील खड्यांना मात्र यांतील कोणताही एक उपाय पुरत नाही. खडे आकसलेल्या नलिकेच्या पलीकडे बसलेले असतात आणि तोंडावाटे गेलेली दुर्बीण तेथपर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून शल्यचिकित्सकापुढे चार उद्दिष्टे असतात : खडे काढणे, आकसलेली जागा दूर करणे, निकामी झालेला भाग काढणे आणि पुढे पित्त अडणार नाही अशी वाट करून देणे.

ताप चढलेला असताना मोठी शस्त्रक्रिया शक्यतो करीत नाहीत. आधी शिरेवाटे द्रव व प्रतिजैविके देतात आणि तुंबलेले पित्त दुर्बिणीने अथवा त्वचेतून यकृतात घातलेल्या बारीक नळीने बाहेर काढतात. रोगी स्थिरावल्यावर सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन आणि चुंबकीय तंत्राने पित्तनलिकांचे चित्र काढून खड्यांचा नकाशा तयार होतो. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पित्त आतड्यात न पोहोचल्याने के जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही आणि रक्त गोठण्यास विलंब लागतो. एके काळी कावीळ झालेले रोगी शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाने दगावत. डेन्मार्कचे हेन्रिक दाम यांनी लावलेल्या या जीवनसत्त्वाच्या शोधाने तो धोका पुष्कळ कमी झाला. १९४३ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आज शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे इंजेक्शन देण्यात येते.

शस्त्रक्रियेत रोग्यास पूर्ण भूल देऊन बहुधा उजव्या बरगडीखाली छेद घेतात. पित्ताशय काढतात, सामान्य नलिका उघडतात आणि चिमट्याने, फुगा लावलेल्या नळीने व क्षारजलाच्या झोताने खडे काढतात. मग बोटाएवढ्याही जाडीची नसलेली, लवचिक दुर्बीण आतल्या शाखांमधून फिरवितात. अडून बसलेले खडे विद्युत्-लहरींनी अथवा लेसरने फोडतात. शेवटी टी-नळी ठेवून नलिका शिवतात. या नळीतून काही दिवस पित्त पिशवीत जमा होते. रोग्याच्या नातलगांना ते पाहून भीती वाटते; पण ती नळी संरक्षणासाठी असते आणि ती ओढली जाणार नाही, याची काळजी घेणे हे नातलगांचे काम. एखादा खडा मागे राहिलाच, तर काही आठवड्यांनी त्याच नळीच्या वाटेने तो काढता येतो.

यकृताचा एखादा खंड आकसून निकामी झाला असेल, तर तेवढा भाग काढणे हाच सर्वांत टिकाऊ उपाय ठरतो. खडे डाव्या भागात अधिक आढळतात आणि तो भाग काढणे तुलनेने सोपे असते. ‘यकृत कापले तर माणूस जगेल कसा’, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. निसर्गाने यकृताला पुन्हा वाढण्याची विलक्षण शक्ती दिली आहे. उरलेला भाग निरोगी असेल, तर तो काही महिन्यांत वाढून काम भागवितो. निकामी भाग काढण्याचे आणखी एक कारण आहे. दीर्घकाळ खडे राहिलेल्या नलिकेत काही रोग्यांना कर्करोग होतो आणि तो उशिरा कळतो.

आकसलेली जागा मुखाशी असेल, तर लहान आतड्याचा एक तुकडा वर आणून पित्तनलिकेला जोडतात. काही रोग्यांत या तुकड्याचे एक टोक त्वचेखाली बसवून ठेवतात, म्हणजे पुढे खडे झाल्यास पुन्हा मोठा छेद न घेता तेथून आत जाता येते. खडे पुन्हा होऊ शकतात, हे सत्य रोग्यापासून लपवू नये. पित्त झिरपणे, जखम चिघळणे असे धोकेही असतात. म्हणून अशी शस्त्रक्रिया अनुभवी पथक असलेल्या रुग्णालयातच करावी आणि नंतर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून घेत राहावे.

आपले कर्तव्य

हे सारे रुग्णालयाचे झाले. आता आपण काय करावयाचे?

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी, की थंडीताप, पिवळे डोळे आणि उजवीकडची पोटदुखी ही तिन्ही एकत्र दिसली, तर तो रोगी त्याच दिवशी रुग्णालयात गेला पाहिजे, हे मुलांकरवी घरोघरी पोहोचवावे. पांढुरके शौच व अंगाची खाज असलेली कावीळ साधी समजू नये. वारंवार येऊन जाणारी कावीळ ‘बरी झाली’ असे मानू नये. दुसरे काम जंतनाशक गोळीचे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात येतो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाडीतून अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. गोळी हातात देऊन नोंदवहीत खूण केली म्हणजे काम संपले असे नाही. ती आपल्या समोर चावून खाल्ली गेली पाहिजे.

पंचायत सदस्यांचे काम याहून मूलभूत आहे. जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती उघड्यावरील विष्ठेतून मातीत आणि मातीतून भाजीपाल्यावर व मुलांच्या हातांवर येतात. गोळीने आजचे जंत पडतात. माती स्वच्छ झाली नाही, तर उद्या ते पुन्हा होतात. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आपल्या राज्यात जी सवय लावली, ती बक्षीस-समारंभाबरोबर संपू नये. बांधलेली शौचालये वापरात आहेत काय, त्यांना पाणी आहे काय, हे दर बैठकीत विचारले जावे. जपानच्या पाहण्यांत १९७० ते १९७७ या काळात पित्तखड्यांच्या शंभर रोग्यांमागे सुमारे ४ जणांना यकृतातील खडे होते. १९९३ ते १९९५ मध्ये हे प्रमाण २ पेक्षाही खाली आले. राहणीमान, आहार व स्वच्छता यांतील सुधारणेला तज्ज्ञ याचे श्रेय देतात. शस्त्रक्रिया रोग्याला बरे करते. रोगी निर्माणच होऊ न देण्याचे काम गावाचे आहे.

अधिकारी मित्रांनी खर्चाच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे. २०१२ साली ८ जिल्ह्यांत सुरू झालेली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ साली शासनाने उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. आपल्या रोग्याचा उपचार कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होईल, हे त्यांच्याकडून आधी विचारून घ्यावे. कागदपत्रांअभावी बैल विकण्याची पाळी येत असेल, तर ती उणीव रोग्याची नव्हे. वेळेवर माहिती न पोहोचविणाऱ्या यंत्रणेची आहे, असे आपण समजले पाहिजे. शिधापत्रिका व ओळखपत्रे आजारापूर्वीच नीट करून ठेवण्याचे काम ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सहज होण्यासारखे आहे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हेही प्रत्येक वाडीवर ठाऊक असावे.

अखेरची एक गोष्ट. माळ घालणाऱ्याशी भांडण करण्याची आवश्यकता नाही. गावात त्याचा मान असतो आणि त्याचा अपमान केला, तर लोक आपलेही ऐकत नाहीत. त्यालाच बोलावून सांगावे, की बाबा रे, ज्याला थंडीताप आहे, ज्याची उजवी कूस दुखते, त्याला तू स्वतःच रुग्णालयात पाठव; त्याचे प्राण वाचल्याचे पुण्य तुला लाभेल. असा शहाणपणा दाखविणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांना बरोबर घेतले, तर कायदा व उपदेश यांहूनही अधिक काम होईल.

मित्रहो, शल्यचिकित्सकाच्या हाती सुरी आहे, रुग्णालयाच्या हाती यंत्रे आहेत, शासनाच्या हाती निधी आहे. परंतु वेळ कोणाच्या हाती आहे? ती रोग्याच्या घरच्यांच्या आणि आपल्या हाती आहे. तापाचा पहिला दिवस आणि रुग्णालयाचा पहिला दिवस यांतील अंतर जितके कमी, तितकी शस्त्रक्रिया लहान, खर्च थोडा आणि जगण्याची आशा मोठी. हे अंतर कमी करण्याचे काम आपण हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.